पोचा लहान, अंदाजपत्रक मोठे

गर्दीच्या रस्त्यावर मोटारीला मोटार घासणे ही शहरवासीयांच्या दृष्टीने आता नित्याची बाब झाली आहे. सिग्नलला मागून बसलेला हलकासा धक्का, सोसायटीच्या वाहनतळावर खांबाला लागलेला दरवाजा, दुचाकीच्या हँडलने ओढलेली लांबलचक रेघ; यांपैकी काहीही जीवघेणे नसते. मनस्ताप सुरू होतो तो त्यानंतर, दुरुस्तीचा अंदाज मागितला जातो तेव्हा. एकाच गाडीचा एकच पोचा अधिकृत सेवा केंद्रात, ओळखीच्या गॅरेजमध्ये आणि रस्त्याकडेच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे दाखवला तर तीन निरनिराळे आकडे निघतात, आणि त्यांतील सर्वांत मोठा आकडा सर्वांत लहान आकड्याच्या कित्येक पटींनी अधिक असू शकतो. यांपैकी खरा कोणता, हा प्रश्न वाहनमालकाला पडतो. तिन्ही आपापल्या परीने खरे असू शकतात, हे उत्तर मात्र त्याला कोणी देत नाही.

वस्तू व सेवा कराच्या फेररचनेनंतर हा विषय पुन्हा चर्चेत आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सर्व सुट्या भागांवर एकसमान १८ टक्के कर लागू झाला. त्याआधी अनेक भागांवर २८ टक्के कर होता. मूळ किंमत तीच राहिली असे धरले, तर करासह १२८ रुपयांना मिळणारा भाग ११८ रुपयांना मिळावयास हवा. म्हणजे घट सुमारे पावणेआठ टक्क्यांची. परंतु दुरुस्तीच्या मजुरीवरील कर आधीही १८ टक्केच होता. साहजिकच, जेथे पत्रा ठोकून सरळ केला जातो आणि नवा भाग फारसा लागत नाही, तेथे या कपातीचा बिलावर नगण्य परिणाम होतो. डेंटिंग-पेंटिंगचा खर्च मुळात करापेक्षा वेगळ्याच ठिकाणी ठरतो. पत्रा सरळ करायचा की भाग बदलायचा, रंग किती भागांवर मारायचा आणि पैसे विमा कंपनीकडून घ्यायचे की स्वतःच्या खिशातून द्यायचे, या तीन निर्णयांवर अंदाजपत्रक उभे असते. बेरीज त्यानंतर येते. आणि हे तिन्ही निर्णय बहुधा वाहनमालकाच्या अपरोक्ष घेतले जातात, हेच या प्रश्नाचे मूळ आहे.

बेरजेआधीचा निर्णय

अंदाजपत्रकात ढोबळमानाने तीन रकाने असतात : सुटे भाग, मजुरी आणि रंगकाम. दरवाजाला पडलेला तळहाताएवढा पोचा घेतला तर त्यावर किमान तीन प्रकारचे उपचार संभवतात. रंगाला तडा गेलेला नसेल, पत्र्याला तीक्ष्ण घडी पडलेली नसेल आणि पोच्याच्या मागच्या बाजूस हत्यार पोहोचू शकत असेल, तर विशिष्ट सळ्यांनी आतून हळूहळू दाब देऊन पत्रा पूर्ववत करता येतो. या पद्धतीत रंगाला हात लावावाच लागत नाही. रंग उडाला असेल तर पत्रा ठोकून किंवा खेचून शक्य तितका सरळ करायचा, उरलेली उंचसखल जागा पुट्टीने भरून घासायची, त्यावर प्रायमर देऊन रंग चढवायचा, हा दुसरा आणि सर्वपरिचित मार्ग. पत्रा फाटला असेल, कडेची घडी मोडली असेल किंवा आतील मजबुतीकरणाची पट्टी वाकली असेल, तर दरवाजाचा सांगाडाच बदलावा लागतो. हा तिसरा मार्ग सर्वांत खर्चिक.

तिन्ही मार्गांना तांत्रिक आधार आहे आणि कोणता योग्य हे नुकसानीच्या स्वरूपावर ठरावयास हवे. प्रत्यक्षात ते पुष्कळदा दुरुस्ती करणाऱ्याच्या सोयीवर ठरते. मोठ्या सेवा केंद्राला सुट्या भागाच्या विक्रीवर नफा मिळतो, काम लवकर उरकते आणि जागा मोकळी होते. त्यामुळे शंकेला जागा असेल तेथे भाग बदलण्याकडे त्याचा कल राहतो. लहान गॅरेजवाल्याकडे मूळ भागांचा साठा नसतो, त्याचे भांडवल म्हणजे त्याचा हात. म्हणून जो भाग बदलणेच इष्ट आहे तोही ठोकून, पुट्टी भरून ‘नव्यासारखा’ करून देण्याचा त्याचा कल असतो. एकाचे अंदाजपत्रक फुगते, दुसऱ्याचे आक्रसते. दोघांच्याही आकड्यांत लबाडी असेलच असे नाही, पण त्या आकड्यांमागे दोन वेगळी कामे आहेत, हे ग्राहकाला सांगितले जात नाही. तो मात्र त्यांची तुलना एकाच कामाच्या दोन किमती म्हणून करतो.

अंदाज नंतर वाढणे हाही तक्रारीचा नेहमीचा मुद्दा. येथे थोडा विवेक आवश्यक आहे. बंपर काढल्याशिवाय त्यामागील धक्का शोषणारा भाग, दिव्याचे कान किंवा रेडिएटरचा आधार शाबूत आहे की नाही हे कळत नाही. त्यामुळे पुरवणी अंदाज देणे यात मुळात गैर काही नाही. गैर आहे ते हे की, गाडी खोलल्यानंतर मालकाला न दाखवता, त्याची लेखी संमती न घेता काम पुढे रेटले जाते आणि गाडी ताब्यात देण्याच्या दिवशी वाढीव आकडा समोर ठेवला जातो. त्या क्षणी मालकाजवळ पर्याय उरलेला नसतो.

रंगाचे अदृश्य गणित

रंगकामाचा दर बहुतेक ठिकाणी ‘पॅनेल’प्रमाणे सांगितला जातो. बॉनेट एक पॅनेल, प्रत्येक दरवाजा एक, प्रत्येक फेंडर एक, बंपर एक. ऐकायला ही पद्धत सोपी वाटते. पण एका पॅनेलच्या रंगात नेमके काय अंतर्भूत आहे, यावर सारे अवलंबून असते.

कारखान्यात मोटारीचा सांगाडा गंजरोधक द्रावणात बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर पहिला थर बसवला जातो. त्यावर प्रायमर, मग मूळ रंग आणि शेवटी पारदर्शक लॅकर. हे थर भट्टीत उच्च तापमानाला भाजले जातात. त्या वेळी गाडीत वायरिंग, काचा, रबर, प्लॅस्टिक काहीही नसते. दुरुस्तीच्या वेळी मात्र संपूर्ण गाडी तेवढी तापवणे शक्य नसते. म्हणून गॅरेजमध्ये ‘हार्डनर’ मिसळून वाळणारा दोन घटकांचा रंग वापरतात आणि बंदिस्त बूथमध्ये सुमारे ६० अंश सेल्सिअसला तो पक्का करतात. ज्याच्याकडे बूथ नाही तो रंग उघड्यावर मारतो. धूळ बसते, मग ती घासून-पॉलिश करून लपवावी लागते. दोन्हीकडे बिलावर शब्द एकच असतो, ‘पेंटिंग’.

दुसरा घटक रंगछटेचा. गाडीवर लिहिलेला रंगाचा क्रमांक तोच असला तरी काही वर्षे ऊन खाल्लेल्या गाडीची छटा बदललेली असते. चंदेरी किंवा अन्य धातुकण मिसळलेल्या रंगात फवाऱ्याचा दाब आणि अंतर बदलले तरी छटा वेगळी दिसते, आणि मोतिया रंगात तर एक थर अधिकच असतो. म्हणून कुशल रंगारी दुरुस्त केलेल्या दरवाजाचा रंग शेजारच्या पॅनेलवर हलक्या हाताने विरत नेतो आणि लॅकर पूर्ण पॅनेलवर देतो. पोचा एका दरवाजाला असताना अंदाजात दोन पॅनेल का धरले, याचे हे प्रामाणिक उत्तर असू शकते. मात्र साध्या पांढऱ्या रंगाच्या गाडीवरही हेच कारण पुढे केले जात असेल, तर त्याची विचारणा करणे मालकाचा अधिकार आहे.

पुट्टीचा प्रश्न याहून नाजूक. पातळ थर असेल तर ती निरुपद्रवी असते. पण पत्रा नीट न काढता जाड थर भरला तर काही महिन्यांत, विशेषतः आपल्याकडील पावसाळा आणि उन्हाळा यांच्या आलटून-पालटून माऱ्याने, तिला तडे जातात, आत पाणी शिरते आणि गंज धरतो. पोलादी पत्र्यावर कापडात गुंडाळलेले साधे लोहचुंबक फिरवले तर जाड पुट्टीच्या जागी त्याची पकड ढिली पडलेली जाणवते. जुन्या गाड्यांचे व्यापारी रंगाच्या थराची जाडी मोजणारे यंत्र वापरतात आणि त्या आकड्यावरून गाडीची किंमत पाडतात. स्वस्तात केलेल्या कामाचा उरलेला हिशेब असा गाडी विकताना चुकता होतो.

विम्याचे त्रैराशिक

शहरी वाहनमालकाची सर्वसाधारण समजूत अशी की, विमा असल्यावर खर्चाची चिंता कशाला? या समजुतीची किंमत मोठी आहे.

भारतात मोटार विम्याचे दर १ जानेवारी २००७ पासून खुले झाले. तथापि त्याआधीच्या दरपत्रकातील घसाऱ्याचे कोष्टक आजही बहुतेक पॉलिसींमध्ये कायम आहे. रबर, नायलॉन व प्लॅस्टिकचे भाग, टायर, ट्यूब आणि बॅटरी यांवर ५० टक्के घसारा कापला जातो. फायबर ग्लासच्या भागांवर ३० टक्के. काचेवर काहीही नाही. पत्र्याच्या व अन्य भागांवरील कपात वाहनाच्या वयाप्रमाणे वाढते : पहिल्या सहा महिन्यांत शून्य, वर्षापर्यंत ५ टक्के, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि त्यापुढे ५० टक्के. रंगकामात केवळ साहित्याच्या किमतीवर ५० टक्के घसारा लागतो. बिल एकत्रित असेल तर एकूण रकमेच्या २५ टक्के रक्कम साहित्याची धरली जाते. मजुरीवर घसारा नाही. याखेरीज १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला १,००० रुपये व त्यावरील मोटारीला २,००० रुपये अशी अनिवार्य वजावट प्रत्येक दाव्यात असते.

हे कोष्टक समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण पुरेसे आहे. साडेतीन वर्षे वयाची, १५०० सीसीच्या आतील एक मोटार; नुकसान मागील दरवाजाचे आणि बंपरचे. पहिल्या अंदाजपत्रकात दोन्ही भाग बदलायचे ठरले. करासह बंपर ८,००० रुपये, दरवाजाचा सांगाडा १२,०००, बंपर बसवण्याची मजुरी १,०००, दरवाजाची २,००० आणि रंगकाम १२,०००. एकूण ३५,००० रुपये. यातून बंपरवरील घसारा ४,०००, दरवाजावरील ३,०००, रंगाच्या साहित्यावरील १,५०० आणि अनिवार्य वजावट १,००० असे ९,५०० रुपये मालकाला भरावे लागतील; कंपनी २५,५०० रुपये देईल.

दुसऱ्या अंदाजपत्रकात दरवाजा न बदलता ३,५०० रुपये मजुरीत पत्रा काढायचे ठरले. बाकी सारे तेच. एकूण बिल २४,५०० रुपयांवर येते. मालकाचा वाटा ६,५०० आणि कंपनीचा १८,०००. म्हणजे दरवाजा बदलण्याच्या एका निर्णयाने दुरुस्ती करणाऱ्याची उलाढाल साडेदहा हजारांनी वाढली. त्यातील साडेसात हजार कंपनीने आणि तीन हजार मालकाने सोसले. दरवाजा खरोखर बदलण्याजोगा होता का, हा प्रश्न मात्र ‘विमा आहे ना’ या उद्गारात विरून जातो.

गणित येथेच संपत नाही. दावा न केल्यास मिळणारी ‘नो क्लेम बोनस’ ही सवलत एका दाव्याने शून्यावर येते. ती पहिल्या दावारहित वर्षानंतर २० टक्के, मग अनुक्रमे २५, ३५, ४५ आणि ५० टक्क्यांपर्यंत चढते. वरील मोटारीने पहिली तीन वर्षे दावा केलेला नसेल तर चालू चौथ्या वर्षी तिला ३५ टक्के सवलत मिळत असणार. दावा टाळला तर पुढील वर्षांत ती ४५ आणि नंतर ५० टक्के राहील. दावा केला तर शून्य, २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या पुन्हा चढाव्या लागतील. पाच वर्षांतील फरकांची बेरीज १२० टक्के होते. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमाहप्ता सवलतीपूर्वी वर्षाला १२,००० रुपये धरला, तर गमावलेली सवलत १४,४०० रुपयांची. वाहनाचे विमामूल्य दरवर्षी घटत असल्याने प्रत्यक्षातील रक्कम याहून कमी भरेल, हे खरे. तरीही १८,००० रुपयांच्या दाव्यातून हाती उरणारा निव्वळ लाभ वाटतो त्यापेक्षा किती आकसलेला आहे, हे यातून स्पष्ट व्हावे. आठ-दहा हजारांच्या पोच्यासाठी दावा करणे अनेकदा तोट्याचे ठरते.

यावर उपाय म्हणून शून्य घसाऱ्याचे जादा संरक्षण घेतले जाते. त्याने घसाऱ्याची कपात टळते. पण अनिवार्य वजावट राहते, सवलत गमावणे राहते आणि वर्षाला किती दावे चालतील यावर बहुधा मर्यादा असते. शिवाय आपल्याला काहीच भरायचे नाही म्हटल्यावर मालकाची अंदाजपत्रकातील रुची संपते. दावे फुगले की त्यांचा भार अखेर सर्वांच्या विमाहप्त्यावर येतो. जो कधीच दावा करत नाही, त्याच्याही.

अंदाज तपासणारा कोण?

कागदोपत्री ही जबाबदारी सर्वेक्षकाची. मोटार विम्यात ५० हजार रुपये व त्यावरील नुकसानीचे मूल्यमापन परवानाधारक सर्वेक्षकाकडून होणे बंधनकारक आहे. त्याखालील दावे कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांकरवी, अलीकडे तर मोबाइलवर पाठवलेल्या छायाचित्रांवरूनही, निकाली काढतात. छायाचित्र वाचून नुकसान ओळखणाऱ्या संगणकप्रणालींचाही वापर वाढत आहे. बहुसंख्य पोचे या मर्यादेच्या आतले असल्याने त्यांचे मूल्यमापन तुलनेने घाईत होणे क्रमप्राप्त आहे. छायाचित्रात पत्र्याची वरची बाजू दिसते, आतली नाही.

सर्वेक्षकाचा अहवाल हा अंतिम शब्द नव्हे, हे येथे नोंदवावयास हवे. एका मालमोटारीच्या दुरुस्तीखर्चाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली असे स्पष्ट केले की, सर्वेक्षकाचे मूल्यमापन दाव्याचा आधार ठरू शकते, पण ते कंपनीवर अथवा विमाधारकावर बंधनकारक नाही. कंपनीशी तंटा मिटला नाही तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. त्याची कार्यालये मुंबई आणि पुणे येथेही आहेत. मात्र या मार्गाने जाण्यासाठी हाती कागद लागतो. तोंडी अंदाजावर कोणतीच दाद मागता येत नाही.

सुट्या भागांची नाकेबंदी

लहान गॅरेज आणि अधिकृत सेवा केंद्र यांच्या आकड्यांतील तफावतीला आणखी एक कारण आहे. मूळ सुटे भाग, दुरुस्तीच्या पुस्तिका आणि दोष शोधणारी यंत्रे खुल्या बाजारात सहज मिळू न देण्याची वाहन उत्पादकांची जुनी रीत. जानेवारी २०११ मध्ये दाखल झालेल्या एका तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने या व्यवहाराची चौकशी केली आणि ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार उत्पादकांना एकत्रितपणे २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. उत्पादकांनी या आदेशाला न्यायासनांपुढे आव्हान दिले आणि लढा लांबला. दंडाच्या रकमेपेक्षा त्या आदेशामागील तत्त्व महत्त्वाचे होते : गाडी विकत घेतल्यानंतर ती कोठे दुरुस्त करायची हे ठरवण्याचा अधिकार ग्राहकाचा आहे.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या अधिकारा’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे यांबरोबरच वाहन क्षेत्राचा त्यात समावेश आहे. दिशा योग्य आहे. पण पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सुट्या भागांच्या बाजारात जाऊन दिवा वा आरसा शोधणाऱ्या ग्राहकाला मूळ, पर्यायी, वापरलेला आणि बनावट यांतील भेद आजही दुकानदाराच्या शब्दावरच ओळखावा लागतो. अंदाजपत्रकात नुसते ‘हेडलाइट’ लिहिलेले असते. तो यांपैकी कोणत्या प्रकारचा, हे लिहिलेले नसते.

हातोड्याची किंमत आणि श्वासाची

कुर्ल्याच्याच कारखान्यातून एके काळी प्रीमियर पद्मिनी बाहेर पडत असे. तिचा पत्रा ठोकून-ठोकून सरळ करणाऱ्या कारागिरांच्या पिढ्या मुंबईने पाहिल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती शहराच्या टॅक्सीसेवेतून निवृत्त झाली. त्या काळचे कौशल्य आजच्या गाड्यांना जसेच्या तसे लागू पडत नाही. आजच्या सांगाड्यात अतिबळकट पोलादाचे भाग असतात. गॅसच्या ज्योतीने ते तापवले तर त्यांची ताकद घटते. अनेक नव्या गाड्यांच्या बंपरमागे रडार वा संवेदक बसवलेले असतात. त्यांच्यासमोर रंगाचे वा पुट्टीचे जाड थर चढले तर त्यांच्या कामात व्यत्यय येऊ शकतो आणि बंपर काढून बसवल्यावर त्यांची पुनर्जुळणी करावी लागते. स्वस्त अंदाजात हे काम गृहीत धरलेले नसेल, तर बचत सुरक्षिततेच्या मोबदल्यात झालेली असते.

याचा अर्थ लहान कारागीर निकालात काढावा असा नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटारीच्या पत्राकामाचे आणि रंगकामाचे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. पण भाग काढून भाग बसवणे हेच काम वाढत गेले, तर पत्रा वाचणारा हात तयार होणार कोठे? कौशल्याची मजुरी अंदाजपत्रकात नेहमीच कमी दाखवली जाते आणि भागाची किंमत निमूटपणे मान्य होते. ज्या समाजात हाताला भाव नाही, तेथे फेकून देण्याला भाव येतो.

त्याच अंदाजातून आणखी एक खर्च वगळलेला असतो. दोन घटकांच्या रंगातील हार्डनरमध्ये आयसोसायनेट ही रसायने असतात. त्यांचा फवारा श्वासावाटे गेल्यास दमा जडण्याचा धोका सर्वमान्य आहे. बूथ, हवेचा पुरवठा करणारा मुखवटा, हातमोजे यांवर खर्च करणाऱ्याचा दर चढा असणारच. तोंडाला रुमाल बांधून पत्र्याच्या शेडमध्ये रंग मारणाऱ्याचा दर कमी दिसतो, कारण फरकाची रक्कम तो आपल्या फुप्फुसांतून भरत असतो.

काय व्हावयास हवे?

ब्रिटनमध्ये विमा कंपन्यांनी १९६९ साली थॅचम ही संशोधनसंस्था उभारली. कोणते मॉडेल दुरुस्त करावयास किती वेळ व खर्च लागतो याचा अभ्यास तेथे होतो आणि त्याचा परिणाम विम्याच्या वर्गवारीवर होतो. साहजिकच दुरुस्तीला सोपी गाडी बनवण्यात उत्पादकाचेही हित गुंतते. भारतात ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’च्या ताऱ्यांमुळे गाडीची सुरक्षितता खरेदीपूर्वी तोलता येऊ लागली. त्याच धर्तीवर प्रत्येक मॉडेलच्या बंपर, दरवाजा, फेंडर, बॉनेट आणि दिवा या नेहमी दुखावणाऱ्या भागांच्या किमती व ते बदलण्याचा प्रमाणित वेळ जाहीर करणे उत्पादकांवर बंधनकारक करता येईल. विमा कंपन्या आणि त्यांची संलग्न गॅरेजे यांच्यात ठरलेले मजुरीचे दर पॉलिसीधारकाला पाहता यावेत, ही मागणीही अवाजवी नाही. दराची सक्ती करण्याची गरज नाही. दर उघड झाले तरी पुष्कळ काही साधेल.

तोवर वाहनमालकाने आपल्या परीने काही पथ्ये पाळावीत. अंदाज लेखी आणि रकानेवार घ्यावा : प्रत्येक भाग बदलायचा की दुरुस्त करायचा आणि बदलायचा तर का, भाग मूळ की पर्यायी, रंग किती पॅनेलवर, कोणत्या प्रकारचा आणि त्यावर किती महिन्यांची हमी, पुरवणी खर्चाला संमतीची अट. बदललेले जुने भाग पाहावयास मागावेत. विम्यातून दावा करण्यापूर्वी घसारा, वजावट आणि गमावली जाणारी सवलत यांची बेरीज कागदावर मांडावी. पंधरा मिनिटांचे काम हजारो रुपये वाचवू शकते. दोन अंदाजांची तुलना करताना प्रथम कामाची तुलना करावी, आकड्यांची नंतर. आणि बिल अवश्य घ्यावे. वस्तूचे वा सेवेचे बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तिची तक्रार करता येते.

गाडीवरचा पोचा महिन्याभरात विसरला जातो. त्याच्या दुरुस्तीचा अंदाज मात्र एक मोठी व्यवस्था उघडी करून दाखवतो. तिच्यात काम ठरवणारा एक, मंजूर करणारा दुसरा आणि पैसे भरणारा तिसरा असतो. या तिसऱ्याला पहिल्या दोघांचे कारण वाचता येईल अशा भाषेत लिहून मिळाले, तर निम्मे वाद गॅरेजच्या दारातच मिटतील. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. एका कोऱ्या कागदाची आणि तो मागण्याच्या सवयीची तेवढी गरज आहे.